जुन्या नकाशावरचा X म्हणजे सोनं नाही हो

कोलोराडोच्या सॅन जुआन डोंगरांचे जुने टोपो नकाशे, म्हणजे डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारे नकाशे, दाखवणारा एक व्हिडिओ गेले काही दिवस परत परत फॉरवर्ड होऊन येतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेने म्हणजे यूएसजीएसने नव्या नकाशांवरून सोन्याच्या खाणी मुद्दाम पुसल्या, जुने नकाशे मात्र चुकून नेटवर राहून गेले, ते उतरवून घ्या, फोनच्या जीपीएसवर चढवा, जिथे X दिसेल तिथे जाऊन उभे राहा, सोनं पायाखाली. हे नकाशे मी हौसेने बरीच वर्षं चाळतोय, त्यामुळे गप्प बसवेना. एकेक घेऊ.

"जुने नकाशे चुकून नेटवर राहिले." काहीही! यूएसजीएसने 1884 पासून 2006 पर्यंतच्या आपल्या टोपो शीट्स स्वतः बसून स्कॅन केल्यात, 1,78,000 च्या वर, आणि सगळ्या फुकट उतरवता येतात. एवढं चुकून होत नसतं.

"नव्या नकाशांवरून खाणी पुसल्या." यात अर्धं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. नव्या शीट्सवर जुन्या खाणींची चिन्हं खरंच दिसत नाहीत. पण का ते बघा. जुना नकाशा माणूस काढायचा, सर्व्हेअर डोंगरावर जाऊन जे दिसेल ते टिपायचा. 2009 पासूनचे यूएस टोपो नकाशे कॉम्प्युटर देशभरच्या डेटाबेसमधून बनवतो, ज्या गोष्टीचा देशभराचा तयार डेटा नाही ती शीटवर येत नाही, इतकं साधं आहे. सुरुवातीच्या यूएस टोपो शीट्सवर तर पायवाटा नव्हत्या आणि विजेच्या मोठ्या लाइनी पण नव्हत्या, मग त्या पण लपवल्या का? आणि गंमत म्हणजे ज्या सरकारने लपवलं म्हणताय त्याच यूएसजीएसने नंतर जुन्या शीट्सवरची खाणींची चिन्हं एकेक करून डिजिटाइज केली, शाफ्ट म्हणजे विहिरीसारख्या उभ्या खाणी, भुयारांची तोंडं, चाचणी खड्डे, सगळं मिळून पाच लाखांच्या वर, आणि तोही डेटा फुकट ठेवलाय. लपवायचं असतं तर हा उद्योग कोण कशाला करेल?

आता खरा मुद्दा, तो X. सिनेमातल्या खजिन्याच्या नकाशाने आपल्या डोक्यात घोळ करून ठेवलाय. यूएसजीएसच्या शीटवर साध्या बारीक X चा अर्थ प्रॉस्पेक्ट, म्हणजे कोणीतरी इथे खणून बघितलं, बस. काय मिळालं ते तो X सांगत नाही, आणि बहुतेक ठिकाणी काही मिळालेलं नसतं, मिळालं असतं तर तिथे नुसता X राहिला नसता, शाफ्टचा अर्धा काळा चौकोन आला असता, नाहीतर भुयाराच्या तोंडाचं चिन्ह आणि शेजारी खाणीचं नाव आलं असतं. आणि खड्डे एवढे का, त्याचं उत्तर कायद्यात आहे. 1872 च्या खाण कायद्याने धातूच्या शिरेवरचा एक क्लेम, म्हणजे खणायच्या हक्कासाठी नोंदवलेला तुकडा, जास्तीत जास्त 1500 फूट लांब आणि 600 फूट रुंद, आणि तो टिकवायचा तर दरवर्षी किमान 100 डॉलरचं काम दाखवावं लागायचं. कोलोराडोच्या कायद्यात तर क्लेम पक्का करायला कमीत कमी 10 फूट खोल खड्डा मारायची अट होती. म्हणजे धातू असो नसो, कागद जिवंत ठेवायला माणूस खणणारच! उन्हाळ्यात यायचं, दहा-बारा फूट खणायचं, मुरूम उतारावर ढकलायचा, सही करून खाली उतरायचं. पंचवीस-तीस वर्षांनी सर्व्हेअर तिथून जातो, त्याला तो पिवळट मुरमाचा ढीग दिसतो, तो X मारतो. हा त्या X चा जन्म. एकाच उतारावर पंधरा X असले तर त्याचा अर्थ पंधरा जणांनी नशीब आजमावलं एवढाच, उलट मला तर तिथे पंधरा निराशा दिसतात.

शिवाय सगळं सोनं सोनं काय लावलंय, या भागात चांदी, शिसं, जस्त, तांबं पण भरपूर निघालं, सोनं त्यातला एक हिस्सा. इथल्याच रेड माउंटन भागाचा सगळा गाजावाजा मुळात चांदीचा होता आणि 1893 ला चांदीचा भाव कोसळल्यावर तो बसला.

"जुना नकाशा जीपीएसवर चढवा, मीटरभरात अचूक जागा मिळते." इथे जरा गणित करू. याच डोंगरातल्या सिल्व्हर्टन गावाची 1902 च्या काळातली शीट 1:62,500 स्केलची. म्हणजे कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर साडेबासष्ट मीटर. X चं चिन्हच साधारण मिलिमीटरभर असतं, म्हणजे नुसतं चिन्ह साठ मीटर जागा खातं. ते काढलंय प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवर पाटी, पाटीवर कागद, अ‍ॅलिडेड नावाच्या दुर्बिणीच्या पट्टीतून नेम धरायचा आणि समोर बघत हाताने रेघा. त्या मानाने काम थक्क करणारं आहे हे मी आधीच मान्य करतो. याच डोंगरांत 1874 ला हेडन सर्व्हे या सरकारी मोजणी मोहिमेचे विल्सन आणि ऱ्होडा शिखरावर मोजणी करत असताना वादळ आलं, हवेत एवढी वीज की केस उभे राहिले आणि उपकरणं गुणगुणायला लागली, तरी शक्य तेवढ्या नोंदी घेऊनच खाली उतरले. पण शूर असणं आणि मीटरभर अचूक असणं यात फरक आहे. नंतरच्या 1:24,000 शीट्स बऱ्याच चांगल्या, पण तिथेही सरकारी कसोटी अशी की तपासलेल्या ठळक बिंदूंपैकी 90 टक्के बिंदू 40 फुटांच्या आत असावेत, आणि ठळक बिंदू म्हणजे रस्त्यांचा चौक वगैरे, झाडीतला खड्डा नाही.

त्यात डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मूळ संदर्भावरून मोजतात तो. विसाव्या शतकातल्या बहुतेक शीट्स नॅड 27 या जुन्या डेटमवर आहेत, त्याचा मूळ बिंदू कॅन्ससमधल्या मीड्स रँचला, आणि फोन वापरतो डब्ल्यूजीएस 84. कोलोराडोच्या पश्चिम भागात डेटम न बदलता अक्षांश-रेखांश टाकलेत तर साधारण 50 मीटर बाजूला जाल, यूटीएम ग्रिडचे, म्हणजे मीटरमधल्या चौकटींचे, आकडे टाकलेत तर 200 मीटरच्या आसपास. दोनशे मीटर म्हणजे त्या उतारांवर कधीकधी दुसरी घळ! आणि 1902 ची शीट तर नॅड 27 च्याही आधीची.

माउंट एल्बर्ट शिखराची उंची 14,433 ची 14,440 फूट झाली हा पण त्या व्हिडिओत "पुरावा" म्हणून टाकलाय. एक तर एल्बर्ट सॅन जुआनमध्ये नाहीच, लेडव्हिलजवळ आहे, आणि उंची मोजायचा संदर्भ बदलला म्हणून आकडा बदलला, डोंगर आहे तिथेच आहे.

"जुन्या नकाशावर सगळं आहे." नाही, त्या दिवशी जे होतं आणि त्या स्केलला जे मावलं तेवढंच आहे. सिल्व्हर्टनहून वरच्या खाणगावांकडे जाणारी सिल्व्हर्टन नॉर्दर्न रेल्वे युरेकाला 1896 ला पोचली आणि अ‍ॅनिमास फोर्क्सला 1904 ला, म्हणजे 1902 चा नकाशा घेऊन बसलात तर वरची लाइन दिसणारच नाही, आणि 1942 ला रूळ उखडले. म्हणून शीट उघडल्यावर आधी खालचा समास वाचा, सर्व्हे कधीचा, छपाई कधीची, रीप्रिंट आहे का. पुष्कळदा रीप्रिंटचं साल बघून लोक नकाशा वीस वर्षांनी तरुण समजतात.

शेवटचं, "भुयार उघडं असेल तर आत जाऊन बघा." हे ऐकून मात्र चीड आली. कोलोराडोत सोडून दिलेल्या खाणींचा अंदाज 23,000 च्या घरात आहे, सडलेली लाकडं, आत ऑक्सिजन नसलेली हवा, मधेच उभा शाफ्ट. बऱ्याच जागा पेटंट क्लेम आहेत, म्हणजे खाजगी मालकीच्या. आणि पाणी! 5 ऑगस्ट 2015 ला गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी खुद्द पर्यावरण खात्याचं पथक काम करत होतं, ते फुटून सुमारे 30 लाख गॅलन पाणी बाहेर आलं आणि अ‍ॅनिमास नदी नारिंगी झाली. 1978 च्या आधीच्या शीटवर लेक एम्मा नावाचं तळं बघा. त्या वर्षी 4 जूनला ते अख्खं तळं खालच्या सनीसाइड खाणीत कोसळलं, रविवार होता म्हणून खाणीत कोणी नव्हतं.

आणि हो, त्या व्हिडिओच्या थंबनेलवर लाल गोल करून जे चिन्ह "सोन्याची खाण" म्हणून दाखवलंय ना, नदीकाठी, रस्त्याला लागून, ते एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या कुदळींचं चिन्ह आहे. यूएसजीएस ते उघड्या खाणीला वापरतं तसंच वाळू-खडीच्या खड्ड्यालाही वापरतं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, झूम करून वाचा: ग्रॅव्हल पिट, म्हणजे खडीचा खड्डा.