नेमणूक एकट्या राष्ट्राध्यक्षांची नव्हे

‘अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आपल्या पसंतीचा न्यायाधीश आजन्म नेमतात’ हे तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांबाबतचे लेखातील वाक्य अर्धेच खरे आहे, कारण राष्ट्राध्यक्ष केवळ नाव सुचवतात. मान्यता सिनेटची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) लागते. या न्यायालयाचे न्या. स्कालिया यांच्या निधनानंतर त्यांच्या जागी मार्च २०१६ मध्ये ओबामांनी मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले, तेव्हा निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण पुढे करून रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने साधी सुनावणीही घेतली नाही, आणि २०२० मध्ये त्याच पक्षाने मतदान आठ दिवसांवर आले असताना एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी मान्यता दिली. (वर्ष तेही निवडणुकीचेच होते!)

शिवाय ‘आजन्म’ हा शब्द तेथील राज्यघटनेत नाही. ‘सद्वर्तन असेपर्यंत’ एवढेच म्हटले आहे, म्हणजे गैरवर्तनाबद्दल महाभियोगाने पदावरून दूर करता येते. अर्थात १८०४ मध्ये महाभियोगाला सामोरे गेलेले सॅम्युअल चेस हे तेथील सर्वोच्च न्यायालयाचे एकमेव न्यायाधीश, आणि तेही सिनेटमध्ये निर्दोष सुटले.