दुर्बीण सूर्याकडे धरून तपासायची? अजिबात नाही

‘दुर्बीण घेताना फसू नका, पाच मिनिटांत स्वतः पारखा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. वहिनींनी तो मला पाठवला, कारण पुतण्याला शिवडीचे फ्लेमिंगो बघायला दुर्बीण हवी आहे आणि शनिवारी दोघं बोरा बाजारात जाणार होते. पहिलाच मुद्दा वाचला आणि मी ताबडतोब त्यांना फोन लावला.

तो मुद्दा असा: दुकानाबाहेर या, दुर्बीण सूर्याकडे धरा, सूर्याचा गोल कडेपर्यंत स्वच्छ दिसला तर काच अस्सल. वर दिलासा, की दोन सेकंदांनी डोळ्याला काही होत नाही.

होतं, आणि कायमचं होऊ शकतं. नुसत्या डोळ्याने चुकून सूर्याकडे नजर गेली तर दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, सूर्याचा अगदी बारीक ठिपका पडतो आणि त्याची उष्णता आजूबाजूला थोडीफार पसरून जाते. दहापटीच्या दुर्बिणीतून तोच ठिपका दहापट रुंद होतो, डोळ्यात शिरणारा प्रकाश साधारण शंभरपट होतो, आणि एवढ्या ठिपक्याच्या मधल्या भागातून उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. जळतो तो नेमका पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, माणसांचे चेहरे ओळखतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे ‘दुखलं की बाजूला करू’ हा हिशेबही चालत नाही. नजरेतला डाग बऱ्याचदा काही तासांनी जाणवतो आणि त्यावर हमखास उपाय नाही. नासाच्या ग्रहणासाठीच्या सूचना कुणीही उघडून बघाव्यात. ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवर असला तरी दुर्बिणीतून सूर्याकडे बघू नका, एकवटलेली किरणं त्या चष्म्याचा फिल्टरही जाळून डोळ्याला गंभीर इजा करतात, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. फिल्टर जिथे टिकत नाही, तिथे सातवीतल्या पोराला फिल्टरशिवाय बघायला सांगायचं? हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान एवढा एक मुद्दा तरी खोडायला हवा होता.

बरं, एवढा धोका पत्करून काचेबद्दल कळतं काय? काहीही नाही. डोळे दिपल्यावर कसला दोष दिसणार! काच बघायची तर सूर्याकडे पाठ करा आणि लांबच्या अँटेनावर बसलेला कावळा शोधा. उजळ आकाशासमोर त्याच्या काळ्या पंखाला जांभळी किंवा हिरवट किनार दिसते का ते पाहा. चित्राच्या अगदी कडेला थोडी किनार बऱ्या दुर्बिणींतही येते. मधोमधच ठळक दिसत असेल तर काच सुमार.

‘आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण भारी’ हा दुसरा मुद्दा. २०×५० म्हणजे वीसपट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटर रुंद असलेली दुर्बीण. तिच्यात हाताचा कंपही वीसपट होतो. पक्षी मोठा दिसतो, पण नाचतो. शिवाय ५० ला २० ने भागा: डोळ्यापाशी येणारा उजेडाचा झोत अडीच मिलिमीटरचा. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटरचा असतो. पहाटे खारफुटीच्या सावलीत डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा फरक सरळ जाणवतो. हातात धरून बघायला आठपट किंवा दहापट पुरे. त्यापुढे ट्रायपॉड लागतो.

तिसरा, लाल चकाकणारी काच म्हणजे उत्तम काच. उलट आहे. काच लाल चमकते म्हणजे लाल प्रकाश ती बाहेरच परत फेकते आहे. आत जे चित्र येतं ते निळसर-हिरवट, आणि फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्यात फिका पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पुढची काच तिरकी धरा. प्रतिबिंबं मंद हिरवट-जांभळी असतील तर काचेवरचा लेप (प्रकाश परत फेकला जाऊ नये म्हणून दिलेला पातळ थर) बरा. ट्यूब पांढरीफटक उमटली तर त्या पृष्ठभागावर लेपच नाही. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश उजेड गेलेला असतो.

जड दुर्बीण टिकाऊ, या मुद्द्यावर वेळ घालवायची गरज नाही. वजनावरून काचेबद्दल काही कळत नाही, मान मात्र दुखते.

एक गोष्ट मात्र मेसेजात बरोबर आहे, तेवढी मान्य करायला हवी. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे वळवली, की डोळ्याकडच्या काचेत उजेडाचा ठिपका दिसतो. तो गोल हवा. कडा राखाडी होऊन चौकोनी दिसला तर आतले प्रिझम (उलटं चित्र सुलट करणारे काचेचे ठोकळे) बहुधा हलक्या काचेचे. पण ‘गोल दिसला की डोळे झाकून घ्या’ हे पुढचं वाक्य साफ चूक आहे, कारण दुर्बिणीचा सगळ्यात त्रासदायक दोष या ठिपक्यात दिसतच नाही.

तो दोष म्हणजे दोन नळ्या एकमेकींना समांतर नसणं. माल उतरवताना आपटला, आतला प्रिझम केसभर सरकला, की झालं. दुकानात कळत नाही, कारण मेंदू दोन्ही चित्रं ओढूनताणून जुळवतो. अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं आणि पोरगं दुर्बीण कपाटात टाकतं. म्हणून आधी डावा डोळा मधल्या चाकाने आणि उजवा डोळा उजवीकडच्या कड्याने नीट जुळवून घ्या. मग लांबच्या गच्चीची आडवी कड पकडा आणि तिच्याकडे बघत दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश वीतभर मागे न्या. दोन वर्तुळांत ती कड एकाच उंचीवर हवी. एकीकडे वर, दुसरीकडे खाली दिसली तर तो नग परत करा, त्याच मॉडेलचा दुसरा मागा आणि तोही असाच तपासा. हे दुकानाच्या काचेतून करू नका, दारची काच चित्र बिघडवते. रस्त्यावर उभं राहून बघायचं आहे असं स्पष्ट सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, बोरा बाजारात दुकानांची कमी नाही.