वेगळं निघायचं म्हणताय?

चार भावांच्या बँडमधून उठून वेगळी चूल मांडायची म्हणताय? बसा, पाणी घ्या. मी कोण सल्ला देणारी, असं विचाराल. अशाच एका वेगळ्या निघालेल्या पोराच्या अल्बमसाठी मी नुकतेच ४,२०० रुपये मोजलेत. पोराचं नाव सांगत नाही, घरात महाभारत होईल.

निघताना निवेदन नम्र असू द्या. झेन मलिकने २५ मार्च २०१५ ला वन डायरेक्शन हा ब्रिटनमधला पाच पोरांचा बँड सोडला, तेव्हा त्याला बावीस वर्षांच्या साध्या मुलासारखं, प्रकाशझोतापासून लांब राहायचं होतं. २५ मार्च २०१६ ला त्याचा अल्बम बाजारात हजर. वर्षश्राद्धाची तिथीसुद्धा लोक इतकी काटेकोर पाळत नाहीत.

आपण आता पोरकट राहिलो नाही, हे दिसलं पाहिजे. त्यासाठी गाण्यांच्या नावांत एक अक्षर मोठं, एक छोटं करा, मधेच ‘ए’च्या जागी ४ टाका. झेनने केलं होतं. आमच्या सोसायटीतली आठवीतली मुलगीही वहीवर स्वतःचं नाव असंच लिहिते, पण ती सोलो नाही.

कव्हरवर चेहरा दाखवू नका. त्याच बँडमधला हॅरी स्टाइल्स २०१७ च्या स्वतःच्या पहिल्या अल्बमवर गुलाबी पाण्यात पाठमोरा बसलाय. त्याच्यासारखी गाणी जमैकात बसवा. पहिलंच गाणं साडेपाच मिनिटांच्या वर न्या.

अल्बम पडला तर घाबरू नका. ‘टेक दॅट’ बँडमधून वेगळ्या निघालेल्या रॉबी विल्यम्सचाही १९९७ चा पहिला अल्बम आधी कोणी विचारत नव्हतं, मग त्यातलं एक रडकं गाणं धावून आलं.

आता मुद्द्याचं. अल्बम एकदाच काढायचा नाही. आधी लाल तबकडी काढा, मग निळी, मग सही केलेली, मग निराळ्या कव्हरची. गाणी तीच बारा. आमची लेक नववीत आहे. वाढदिवसाचे, भाऊबीजेचे, आजीने निघताना हातावर ठेवलेले असे सगळे पैसे तिने पलंगावर मांडून मोजले, कमी पडले ते मी घातले. अकरा दिवस कुरिअरवाल्याची वाट पाहिली. खोका आला तेव्हा तिने वरचं प्लास्टिक फाडलंसुद्धा नाही. ब्लेडने एका कडेला चीर दिली, तबकडी दोन तळव्यांत धरून बाहेर काढली, वास घेतला, परत आत सरकवली. वाजवली नाही. वाजवणार कशावर? आमच्याकडे रेकॉर्ड प्लेयर नाही. आजोबांचा होता, तो सुई तुटून माळ्यावर पडलाय. आणि त्यानंतर नवव्या दिवशी डिलक्स आवृत्ती जाहीर! नवव्या! चार जादा गाणी. ही चार गाणी काय नऊ दिवसांत सुचली, लिहिली आणि गायली? का आधीपासून तयार होती आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांपासून कपाटात दडवून ठेवली होती? आमचा भाजीवाला जुडी दिल्यावर मागाहून चार काड्या वेगळ्या विकायला येत नाही हो! लेकीने काय विचारावं? “आई, पहिली परत घेतील का?”

आवाज चढला. सल्ला चालू ठेवते.

जुन्या गाण्यांना नाकं मुरडा. पार्टीत बसून मी स्वतः हे ऐकलं नसतं, अशा अर्थाचं झेन बोललाच होता. आपल्याकडे २००१ च्या सुमारास ‘अ बँड ऑफ बॉईज’ होता, त्यात आशाताईंचा नातू चिंटू भोसलेही होता. तेव्हा आम्ही त्यावर जीव टाकायचो आणि भाऊ दातओठ खायचा. मी आजही नाक मुरडत नाही, म्हणूनच मी गायिका झाले नसेन.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या पोरी किंचाळून किंचाळून घसे बसवून घेत होत्या, त्यांच्यापासून आता चार हात लांब राहा. त्यांना काय कळतं संगीतातलं? दाढीवाला समीक्षक बरा म्हणाला की झालं. हॅरीने मात्र २०१७ च्या एका मुलाखतीत पोरींची बाजू घेतली होती, त्यांची आवड तिशीतल्या शहाण्यांपेक्षा हलकी कशावरून, असं तो म्हणाला. तेवढ्यासाठी त्याला गुलाबी पाणी माफ.

बास. मला नाही जमत हे. गाणाऱ्या पोरांना तरी काय बोलायचं? २०१० साली एका टीव्ही स्पर्धेत सोळा-सतरा-अठरा वर्षांची पाच मुलं एकत्र बांधून वन डायरेक्शन केलं, ती तिसरी आली, आणि २०११ ते २०१५ दर नोव्हेंबरला, नाताळच्या खरेदीआधी, त्यांच्याकडून एकेक अल्बम काढून घेतला. पाच वर्षं, पाच अल्बम, मधे दौरे. त्यांतला लियम पेन त्या स्पर्धेत दोन वर्षं आधी पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा चौदा वर्षांचा होता. २०२४ च्या ऑक्टोबरात ब्युनोस आयर्सच्या हॉटेलच्या बाल्कनीतून पडून गेला तेव्हा एकतीस. कंपनीवाल्यांनो, गाणाऱ्या पोरांना पिळलंत, आणि आता ऐकणाऱ्या पोरींच्या खाऊच्या पैशांवर डोळा ठेवून बसलाय. लाज वाटत नाही? नववीतल्या मुलीला चार गाण्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळा अल्बम विकत घ्यायला लावता? त्याच तबकडीत घालायला काय धाड भरली होती? मी काल रात्री ती उजेडात धरून पाहिली. दुसऱ्या बाजूला मधे चांगली दोन बोटं जागा कोरी आहे.