नेपाळचे प्रांत मोडून कुणाचं भलं होणार?

२०२५च्या सप्टेंबरात काठमांडूत तरुणांचा उद्रेक झाला, सिंहदरबार म्हणजे तिथलं सरकारी सचिवालय पेटलं, आणि तेव्हापासून एक मजकूर आपल्याकडच्या ग्रुपांवरही फिरतो आहे. त्याचा सारांश असा: नेपाळसारख्या गरीब, लहान देशाला संघराज्य झेपणारं नव्हतंच. सात प्रांत, सात मुख्यमंत्री, साडेपाचशे आमदार म्हणजे पांढरा हत्ती. त्यानं तिजोरी रिकामी केली, भ्रष्टाचार गावोगाव नेला, देश फुटायच्या वाटेवर आणला. २०१५च्या संविधानापासून दहा वर्षं करून पाहिलं, फसलं. आता प्रांत मोडा आणि कारभार पुन्हा काठमांडूतून चालवा. खुद्द नेपाळमध्येही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. राष्ट्रिय प्रजातंत्र पार्टी तर प्रांत रद्द करण्याची मागणी उघडपणे करते. त्यामागचा राग मला कळतो. पण एकेक मुद्दा हातात घेऊन पाहिला, तर त्यातला जवळजवळ एकही टिकत नाही.

"एवढ्याशा देशाला संघराज्य कशाला?" नेपाळचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी आहे आणि लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास. स्वित्झर्लंड त्याच्या एक तृतीयांशही नाही, तरी तिथे २६ कॅन्टन आहेत. मुळात संघराज्य लागतं की नाही हे क्षेत्रफळावर ठरत नाही. राजधानी लोकांपासून किती लांब आहे, यावर ठरतं. डोल्पा किंवा हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यातून विमानानं काठमांडू गाठायचं तर आधी नेपाळगंजला उतरावं लागतं. मधेशात, म्हणजे भारताला लागून असलेल्या दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात, मैथिली, भोजपुरी बोलणाऱ्या माणसाला पिढ्यानपिढ्या सरकारी कचेरीत परक्यासारखं उभं राहावं लागलं. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

"सात प्रांतांनी तिजोरी खाल्ली." या मुद्द्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळतात, म्हणून जरा थांबून हिशेब बघू. प्रांतांच्या सभांमध्ये मिळून ५५० सदस्य आहेत, आणि मंत्रिमंडळ सभेच्या वीस टक्क्यांपेक्षा मोठं करायला संविधानाची बंदी आहे. कर्णाली प्रांताच्या सभेत ४० सदस्य, म्हणजे मंत्री जास्तीत जास्त आठ. प्रांत उद्या रद्द केले, तर वाचतील ते या लोकांचे पगार-भत्ते, गाड्या आणि बंगले. ती उधळपट्टी जरूर थांबवावी. पण प्रांताचे रस्ते, दवाखाने, पाण्याच्या योजना रद्द होणार नाहीत. तो खर्च नुसता दुसऱ्या खात्यावर जाईल. तो सांभाळायला काठमांडू पुन्हा विभागीय कचेऱ्या उघडेल. जुन्या व्यवस्थेत पाच विकास क्षेत्रं, चौदा अंचल आणि पंच्याहत्तर जिल्हे होतेच की! गावपातळीवर तर संस्था वाढलेल्या नाहीत, घटल्या आहेत. आधी तीन हजारांहून जास्त गाव विकास समित्या होत्या. आज महानगरांपासून गाउँपालिकांपर्यंत (म्हणजे ग्रामपालिकांपर्यंत) सगळ्या मिळून ७५३ स्थानिक सरकारं आहेत.

"भ्रष्टाचार गावोगाव पोचला." यात तथ्य आहे. टेकडी दिसली की तिच्यावर भ्यू टावर (देखावा बघायचा मनोरा) बांधायचं, ठेका आपल्याच माणसाला द्यायचा, हे प्रकार घडले आहेत. पण संघराज्याआधी गावं स्वच्छ होती, ही समजूत खोटी आहे. निवडून आलेल्या स्थानिक संस्थांची मुदत २००२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट २०१७ मध्ये झाली. मधली पंधरा वर्षं गावाचा पैसा कर्मचारी आणि पक्षांचे स्थानिक पुढारी मिळून वाटत होते. त्या 'सर्वपक्षीय संयंत्रां'बद्दल, म्हणजे सगळ्या पक्षांच्या समित्यांबद्दल, इतक्या तक्रारी झाल्या की २०१२ मध्ये ती बरखास्त करावी लागली. तेव्हा चोराला मतदानानं घरी बसवायची सोय नव्हती. आता दर पाच वर्षांनी आहे. २०१७ नंतर २०२२ ची निवडणूकही झाली. आपली मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाती होती, हे आठवलं की या गोष्टीची किंमत कळते.

आमच्या सोसायटीत रात्रपाळी करणारे काका सुदूरपश्चिम प्रांतातल्या अछामचे. तिथले कितीतरी पुरुष पुण्या-मुंबईत राखणदारी करतात. त्यांना मी विचारलं, संघराज्यामुळे तुमच्या गावात काय बदललं? त्यांनी भाषण दिलं नाही. म्हणाले, "ताई, पहिले सचिव साब मंगलसेन में बैठता था. कागज के लिए दो दिन. अभी वडा ऑफिस है, मेरी औरत खुद जाके बेटी का जन्मदर्ता करके आई." मंगलसेन हे अछाम जिल्ह्याचं मुख्यालय, वडा म्हणजे वॉर्ड आणि जन्मदर्ता म्हणजे जन्मनोंद. मग २०२० सालची गोष्ट निघाली. लॉकडाऊनमध्ये ते कसेबसे बनबसाच्या सीमेपर्यंत पोचले. पलीकडे गड्डाचौकीला त्यांच्या पालिकेची बस उभी होती. पुढचे चौदा दिवस त्यांनी शाळेच्या फरशीवर काढले, जेवण बेताचं, संडास दोनच. व्यवस्था चांगली होती असं ते अजिबात म्हणत नाहीत. पण वॉर्डाध्यक्ष रोज यायचा आणि लोक त्याला तोंडावर शिव्या द्यायचे, हे मात्र त्यांनी आवर्जून सांगितलं. सिंहदरबारातल्या सचिवाला शिव्या द्यायला अछामचा माणूस कधी जाणार होता?

त्या वॉर्डाच्या समितीत अध्यक्ष धरून पाच जण असतात. चार सदस्यांपैकी दोन महिला आणि त्यांतली एक दलित असलीच पाहिजे, असा कायदा आहे. पालिकेच्या न्यायिक समितीचं प्रमुखपद उपमहापौर किंवा उपाध्यक्षाकडे असतं आणि त्या पदावर बहुतेक ठिकाणी बाई निवडून आलेली आहे. मजुरी बुडाली, नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तर दाद मागायला तिच्यासमोर जाता येतं.

यावर थोडं नरम उत्तर येतं: "स्थानिक सरकारं ठेवा, फक्त प्रांत काढा." पण प्रांत गेले की ७५३ पालिका एकेकट्या काठमांडूपुढे हात पसरून उभ्या राहणार. एवढ्या सुट्या हातांना झुलवत ठेवणं कुठल्याही अर्थमंत्र्याला सोपं जाईल. शिवाय राष्ट्रिय सभेतले (संसदेच्या वरच्या सभागृहातले) ५९ पैकी ५६ सदस्य सात प्रांतांतून प्रत्येकी आठ असे येतात आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत प्रांतसभांचं मत असतं. प्रांत हे वरून चिकटवलेलं पान नाही, ओढलं की शिवण उसवेल.

"संघराज्यानं देश फुटेल." मराठी माणसानं तरी हे वाक्य पुढे पाठवण्याआधी हुतात्मा चौक आठवावा. भाषावार राज्य मागितलं म्हणून आपल्यालाही फुटीर म्हटलं होतं, आणि १९६० नंतर काय फुटलं? इथिओपियाचं उदाहरण देणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही; तिथे वांशिक प्रांत झाले आणि टिग्रेत भयंकर युद्धही झालं. पण नेपाळमध्ये क्रम उलटा आहे. १९९६ ते २००६ या काळात माओवाद्यांच्या सशस्त्र संघर्षात सुमारे सतरा हजार माणसं मेली, ती एककेंद्री राज्यात. २००७ मध्ये मधेश पेटला तो संघराज्य हवं म्हणून, आणि २०१५ मध्ये पुन्हा पेटला तो प्रांतांच्या सीमा आपल्याला डावलून आखल्या म्हणून. सी. के. राउत हे स्वतंत्र मधेशाची चळवळ चालवायचे. २०१९ मध्ये त्यांनी सरकारशी करार करून ती सोडली, जनमत पार्टी काढली, आणि २०२४ मध्ये त्या पक्षाचे सतीशकुमार सिंह मधेश प्रांताचे मुख्यमंत्री झाले. वेगळा देश मागणारे प्रांताच्या सभागृहात येऊन बसले. ते सभागृहच काढून घेतलं, तर त्यांनी कुठे जायचं?

राहिला शेवटचा आणि सगळ्यात अन्यायाचा मुद्दा: "दहा वर्षं करून पाहिलं." कधी केलं? २० सप्टेंबर २०२५ ला संविधानाला दहा वर्षं पूर्ण झाली, तेव्हाही संघीय निजामती सेवेचा (सरकारी नोकरशाहीचा) कायदा झालेला नव्हता. प्रांताचा मुख्य सचिव काठमांडूच पाठवत होतं. माध्यमिकपर्यंतचं शिक्षण संविधानानं स्थानिक सरकारांना दिलं, पण शालेय शिक्षणाचा कायदा रखडला, आणि आम्हाला पालिकेखाली ढकलू नका म्हणून शिक्षक राजधानीच्या रस्त्यावर आले. पोलीस प्रांतांकडे द्यायचा कायदा २०२० मध्ये झाला, पोलीस दिले नाहीत. व्हॅटच्या वाटणीत सत्तर टक्के केंद्राकडे राहतात. प्रांतांना पंधरा, स्थानिकांना पंधरा.

प्रांतांत सरकारं सारखी पडतात, हेही खरं आहे. २०२३ मध्ये कोशी प्रांतात तर ९३ जणांच्या सभेत सभामुखाची (सभापतीची) सही धरून बहुमत दाखवलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाला मुख्यमंत्र्याची नेमणूक रद्द करावी लागली. पण ही उलथापालथ कोशीच्या राजधानीत, विराटनगरात, शिजली नव्हती. काठमांडूतली आघाडी बदलली की तिचे धक्के प्रांतात बसतात. मुख्यमंत्री कोण हे दिल्लीत ठरलेलं आपणही अनेकदा पाहिलं आहे, आणि म्हणून महाराष्ट्र बरखास्त करा असं कुणी म्हटलेलं नाही.

नेपाळच्या संसदेनं आधी नोकरशाहीचा आणि शाळांचा हे दोन कायदे करावेत, पोलीस प्रांतांच्या ताब्यात द्यावेत आणि त्यानंतर एक पूर्ण कार्यकाळ जाऊ द्यावा. मग प्रांत नापास झाले की नाही, ते मतदारांना विचारावं, अछामच्या मतदारांनाही.