‘फॉर्म्युला आहे, लिहायचा’ म्हणजे काय?

सोमवारी स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे आणि आज संध्याकाळचे दोन तास एका ओळीने खाल्ले. झेरॉक्सवाल्याकडून 80 रुपयांना आणलेल्या नोट्समध्ये छापलंय, ‘घटना म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह असतील तर त्या इंडिपेंडंट असतात.’

म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह म्हणजे एकदम घडूच न शकणाऱ्या, आणि इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र, एकीच्या घडण्याने दुसरीची शक्यता न बदलणाऱ्या. ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पटेना. शेवटी पर्समधून नाणं काढून टेबलावर ठेवलं. छापा पडला की काटा पडूच शकत नाही. एकीचं कळलं की दुसरीचं आपोआप कळलं. याहून एकमेकींत अडकलेल्या घटना आणायच्या कुठून? आणि ह्यांना स्वतंत्र म्हणायचं? गुणाकार करून बघा ना. छाप्याची शक्यता अर्धी, काट्याची अर्धी. स्वतंत्र असत्या तर दोन्ही एकदम पडायची शक्यता पाव आली असती. एकाच नाण्यावर छापा आणि काटा एकदम, चार फेकींत सरासरी एकदा! कुणी पाहिलंय?

रूममेटच्या नोट्स दुसऱ्या दुकानातल्या. त्यातही हीच ओळ, स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट. म्हणजे कुणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलं, पुढच्याने उतरवलं, त्याच्या पुढच्याने टाइप केलं, आणि एकालाही थांबून नाणं उडवून बघावंसं वाटलं नाही. वर्षानुवर्षं पोरं हे पाठ करून पास होतायत. मला याचा प्रचंड राग येतो. चूक झाली याचा नाही, चूक असली तरी चालतं याचा.

मी बार्शी तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. दहावीला गणित भाग 1 मध्ये संभाव्यता आणि सांख्यिकी हे शेवटचे दोन धडे होते आणि मला ते आवडायचे. नमुना अवकाश, यादृच्छिक प्रयोग, सगळं यायचं. इथे पुण्यात आल्यावर पहिल्याच तासाला सगळे शब्द इंग्रजी झाले आणि कुणी पूल बांधून दिला नाही. त्यात मीन, म्हणजे आपली सरासरी, तिला मराठीत मध्य आणि मीडियनला मध्यक! ‘मध्य’ ऐकलं की डोळ्यांपुढे मधोमधचा आकडा येतो, आणि मधोमधचा आकडा म्हणजे नेमका मीडियन. ज्याने कुणी हे शब्द ठरवले त्याने पाचवीतल्या एका तरी पोराला विचारायला हवं होतं. पत्त्यांचं तेच. गावाकडे सुट्टीत आम्ही दिवसदिवस पत्ते कुटलेत, बदाम सातमध्ये मला हरवून दाखवा. पण चाचणीत ‘क्लब’ आल्यावर तो किलवर की इस्पिक हे आठवण्यात गणिताचा वेळ गेला. दोन मार्क गेले ते संभाव्यता येत नव्हती म्हणून नाही. आणि वर ऐकून घ्यायचं, ‘मराठी मीडियमवाल्यांचं बेसिक कच्चं असतं.’ कच्चं आमचं नाही.

पण माझं खरं भांडण भाषेशी नाहीच. ते ‘का?’ या प्रश्नाशी जे वागतात त्यांच्याशी आहे.

सॅम्पलचं, म्हणजे मोठ्या गटातून उचललेल्या थोड्या आकड्यांचं, व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) काढताना n ने, म्हणजे आकडे जितके तितक्याने, न भागता n वजा 1 ने भागायचं. मी वर्गात विचारलं, सर, एक वजा का करायचा? उत्तर आलं, ‘फॉर्म्युला आहे, लिहायचा. परीक्षेत का विचारत नाहीत.’ वर्ग हसला. मी बसले.

हे समजावायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत हो! तीन आकडे घ्या: 2, 4, 9. सरासरी 5. सरासरीपासूनची अंतरं वजा 3, वजा 1 आणि अधिक 4. बेरीज शून्य, आणि ती कायम शून्यच येणार. म्हणजे दोन अंतरं कळली की तिसरं ठरलेलंच, त्याच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नाही. मोकळे फक्त दोन. आता अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्या, 26. तेच 5 ऐवजी 6 पासून मोजलं तर 29 येते. 5 सोडून दुसऱ्या कुठल्याही आकड्यापासून मोजा, 26 पेक्षा जास्तच येईल. कारण सॅम्पलची सरासरी त्याच तीन आकड्यांतून निघालेली, ती त्यांच्या जवळच बसणार. ज्यातून हे तीन आकडे उचलले त्या सगळ्या गटाची खरी सरासरी वेगळी असू शकते, मग आपलं 26 हे खऱ्यापेक्षा कमी भरतं. ती कसर भरून काढायला 3 ऐवजी 2 ने भागायचं. लायब्ररीतल्या पानं सुटलेल्या एका जुन्या पुस्तकात मला हे सापडलं आणि वाचल्यावर मला रडूच आलं. आनंदाने नाही. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि मी विचारलं तेव्हा मला हसून खाली बसवलं.

पॉइसन डिस्ट्रिब्यूशनचं तर विचारूच नका. क्वचित घडणारी गोष्ट किती वेळा घडेल, त्याची शक्यता सांगणारं हे गणित. नोट्समध्ये काय आहे? फॉर्म्युला, मीन बरोबर व्हेरियन्स, आणि एक गणित: ‘एका पानावर सरासरी इतके टायपो, तर एकही नसण्याची शक्यता काढा.’ संपलं युनिट. हे डिस्ट्रिब्यूशन प्रत्यक्षात कुठे बसतं, ते खरं कशावरून, एक अक्षर नाही. त्याच पुस्तकात प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) सैन्याची आकडेवारी होती. बोर्टकिएविच नावाच्या माणसाने 1898 साली छापलेली. सैन्याच्या 10 तुकड्या, 20 वर्षं, म्हणजे 200 नोंदी, आणि प्रत्येकीत घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले. 109 नोंदींत एकही नाही, 65 मध्ये एक, 22 मध्ये दोन, 3 मध्ये तीन, आणि एकीत चार. एकूण मृत्यू 122, सरासरी 0.61. आता ही 0.61 पॉइसनच्या फॉर्म्युल्यात घाला. एकही मृत्यू नसलेल्या नोंदी 108.7 यायला हव्यात, होत्या 109. एक मृत्यू असलेल्या 66.3, होत्या 65. दोनवाल्या 20.2, होत्या 22.

मी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिलं. अभ्यासिकेत रात्री साडेदहाला, आजूबाजूला एमपीएससीवाले झोप आवरत बसलेले, आणि माझ्या अंगावर काटा आला. घोडा कधी लाथ मारेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तरी 200 नोंदींचा हिशेब असा जुळतो! एवढी सुंदर गोष्ट शंभराहून जास्त वर्षं छापलेली पडली आहे आणि आम्हाला काय मिळतं, तर टायपो. त्या नोट्समध्येच एवढे टायपो आहेत की ते मोजायला सांगितलं असतं तरी काही शिकलो असतो.

झेडचं टेबल म्हणजे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राखालचा भाग, म्हणजेच शक्यता, देणारा तक्ता. त्याचा घोळ त्याहून संतापजनक, कारण तो एका वाक्यात मिटतो. एका टेबलात 1.96 समोर 0.4750 आहे, दुसऱ्यात 0.9750. दोन्ही बरोबर! पहिलं मधल्या रेषेपासून मोजतं, दुसरं पार डाव्या टोकापासून. सोडवलेले पेपर पहिल्या टेबलावर, वर्गात दिलेला कागद दुसऱ्या प्रकारचा. पोरं कुठे अर्धा मिळवतायत, कुठे वजा करतायत, आणि उत्तर एकाहून मोठं आलं तरी चौकट करून ठेवतायत. शक्यता एकाहून मोठी!

आणि आता जे खरं आत सलतंय ते. सॅम्पलिंगचं युनिट. चार व्याख्या, फायदे पाच, तोटे पाच. ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या पोरांना सॅम्पलिंग असं शिकवतात. भात ढवळलेला नसेल तर वरचं एक शीत काहीच सांगत नाही, एवढं म्हटलं असतं तरी रँडम का हवं ते कळलं असतं.

आमचं सोयाबीन आहे. गेल्या खरिपात काढणीच्या तोंडावर पाऊस आला आणि खालचा तुकडा पाण्यात गेला. शेंगांना कोंब फुटलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. विम्याचं काही आलं नाही. आप्पा म्हणाले, महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या काही गावांची मिळून, सरासरी उंबरठा उत्पादनाच्या वर गेली. त्या ठरलेल्या आकड्याच्या खाली सरासरी गेली तरच या हिशेबाने भरपाई मिळते. ही सरासरी येते कुठून? बऱ्याच अंशी पीक कापणी प्रयोगातून. मंडळातली काही शेतं निवडायची, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून मळून वजन करायचं, आणि त्यावरून सगळ्या मंडळाचा आकडा. म्हणजे सॅम्पलिंग! माझ्या बापाला पैसे मिळणार की नाही हे ठरवणारी गोष्ट माझ्या सिलॅबसच्या त्या युनिटमध्ये आहे.

यात नाव घ्यायचं तर आपल्याच माणसाचं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, 1911 चा जन्म, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. 1940 च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्रफळाच्या मानाने काठ जास्त, आणि काठावरची झाडं मोजणारा आत धरतो. नुसत्या मापाने आकडा वर सरकतो, कुणी लबाडी केली नाही तरी. आणि आज विम्यात आकडा वर सरकला की शेतकऱ्याची भरपाई खाली जाते. आमच्या मंडळात तसंच झालं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे आकडे नाहीत. पण आकडे मागायचे कसे, मागून बघायचं काय, किती प्लॉट होते, कसे निवडले, त्यांच्यात फरक किती होता, हे मला शिकवायला नको? एवढ्यासाठीच तर हा विषय आहे!

मी तासानंतर सरांना गाठून विचारलं होतं, हे पीक कापणीचं ह्याच युनिटमधलं ना? म्हणाले, ‘ते ॲग्रीवाल्यांचं. तू फायदे-तोटे कर, पाच मार्काला येतातच.’

काल रात्री आप्पांचा फोन आला, अभ्यास कसा चाललाय म्हणून. मी त्यांना काठाच्या झाडांचं सांगितलं. ते सातवी शिकलेत. क्षणभर थांबून म्हणाले, ‘मग तुकडा मोठा का धरत नाहीत? आणि बांधाकडंचा धरत्यात का मधला?’ वर्षभरात त्या वर्गात एकानेही एवढा नेमका प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही, कारण तिथे प्रश्न विचारायची सोयच ठेवलेली नाही. आप्पांना मी म्हटलं, कुठलाही, चिठ्ठी टाकून. ते म्हणाले, चिठ्ठी कोण टाकतं ते बघायला पाहिजे.

त्यांच्याशी बोलून झालं आणि मी परत फायदे पाच, तोटे पाच पाठ करायला बसले.