ओले हान्सेनची दुसरी बोट

नॉर्वेतून अमेरिकेला गेलेला पूर्वज हुडकायचा म्हटलं की लोक आधी बोट शोधायला धावतात. न्यूयॉर्कच्या प्रवासी याद्यांत ‘ओले हान्सेन’ टाकतात आणि समोर ओले हान्सेनांची जत्रा भरते.

नावावर तर मी काडीचा भरवसा ठेवत नाही. हान्सचा मुलगा ओले हान्सेन, त्याचा मुलगा पेडर ओल्सेन, मुलगी कारी ओल्सदातर. त्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत, म्हणून चार भावांच्या घरी चार चुलतभाऊ एकाच नावाचे! ओळखू यावेत म्हणून पुढे शेताचं नाव लावत: बाक्के, हाउगेन, मूएन. पण शेत बदललं की हेही नाव बदलायचं. आपला चिपळूणकर तीन पिढ्या पुण्यात काढूनही चिपळूणकरच राहतो. नॉर्वेत तो सामान उतरवता उतरवता पुणेकर झाला असता. कायम आडनावाचा कायदा आला १९२३ साली. तोवर जाणारे बहुतेक जाऊन चुकले होते.

तेव्हा उलटं चालावं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या लुथरन चर्चची वही, थडग्याचा दगड, मिळेल तिथून जन्मतारीख आणि नॉर्वेतला पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला टापू, काढावा. मग डिजिटालार्किवे या फुकट संकेतस्थळावर त्या पॅरिशची वही उघडावी. बाप्तिस्मा जुळला, की त्याच वहीत मागे गाव सोडून गेलेल्यांची यादी पाहावी. अक्षर गॉथिक वळणाचं. मोडी वाचणाऱ्यांनाही दया येईल असं. ‘å’ तेव्हा ‘aa’ असा लिहीत आणि ‘ø’चं पुढे नक्कल करणारा काय करील याचा नेम नाही. म्हणून शोधताना स्वरांच्या जागी तारांकन (*) टाकावं, म्हणजे तिथे कोणतंही अक्षर चालतं.

यानंतर पोलिसांची स्थलांतर नोंदवही. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ओस्लो, आणि ट्रॉन्डहाइम इथल्या १८६७पासून, बर्गनची १८७४पासून. स्टाव्हांगरच्या जुन्या वह्या जळाल्या. १८२५ साली अमेरिकेला स्थलांतरित नेणारी पहिली नॉर्वेजियन बोट ‘रेस्टौरास्योन’ बावन्न माणसं घेऊन निघाली ती नेमकी याच बंदरातून! (वाटेत एक बाळ जन्मलं आणि न्यूयॉर्कला त्रेपन्न उतरले. हिशेब तेव्हापासूनच बिघडलेला.)

वहीत बोटीचं नाव सापडलं की माणूस पेढे वाटायला निघतो. थांबा. ती बोट बहुधा इंग्लंडमधल्या हल बंदरापर्यंतचीच असते. तिथून आगगाडीने लिव्हरपूल आणि मग अटलांटिकची दुसरी बोट. न्यूयॉर्कच्या यादीत पहिलीचं नाव शोधणं म्हणजे मुंबईच्या विमानतळावर रिक्षाचा नंबर विचारणं. निघाल्याच्या तारखेत दोन ते चार आठवडे मिळवावेत आणि त्या दरम्यान लागलेल्या बोटी एकेक चाळाव्यात. पूर्वज १८५०च्या दशकातला असेल तर न्यूयॉर्कचा नादच सोडावा. तेव्हाची शिडाची जहाजं बहुतेक क्वेबेकला जात, आणि तिथल्या १८६५च्या आधीच्या याद्या फारशा उरलेल्याच नाहीत.

‘एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ ही घराघरातली लाडकी कथा. (एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्कचं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं.) यादी व्हायची निघण्याच्या बंदरात, बोट कंपनीकडे. बेटावर ती नुसती ताडून पाहत. शिवाय ते ठाणं उघडलं १८९२ला. १८८२ला आलेले पणजोबा तिथे कशाला जातील?

एवढं करून अखेर ओळ सापडते: ओले हान्सेन, वय १९, मजूर. आणि खाली दोन ओळी सोडून आणखी एक ओले हान्सेन, वय १९, मजूर. न्यूयॉर्कच्या यादीत पॅरिशचा रकाना नसतो. पुन्हा चर्चची वही काढा.