जिनिंगच्या हजेरीत तासांचा रकाना का नाही?

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या फाटकावर लागल्या की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. मला तो चौघांनी पाठवला, त्यातले दोघे स्वतः रोजीने जाणारे. मजकूर असा : "सीझनच्या कामाला ओव्हरटाइम लागत नाही. बारा तासांची बोली झाली असेल तर बारा तास भरावेच लागतात. ढाब्यावरची टिप गल्ल्याची असते. आणि मालक घरच्यासारखा वागवत असेल तर तास मोजणं शोभत नाही."

ज्यांचं नुकसान होतं तेच हे खरं मानून पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यायला बसलो. सहा हंगाम मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, हजेरी लिहिली आहे.

सीझनची गोष्ट आधी, कारण ती अगदीच हवेतून आलेली नाही. १९३४ च्या कारखाना कायद्यात हंगामी कारखान्यांचा वेगळा वर्ग होता आणि कापसाचं जिनिंग त्यात यायचं. बारमाही कारखान्याला आठवड्याला ५४ तासांची मर्यादा, हंगामीला ६०. १९४६ साली, बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत असताना, बारमाही कारखान्यांचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती मंजूर झाली. मग १९४८ च्या कायद्याने हंगामी-बारमाही हा भेदच काढून टाकला आणि जादा तासांना दुप्पट दर लावला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही जादा कामाचा दर दुपटीहून कमी देता येत नाही. म्हणजे मजकुरातली सवलत जाऊन पाऊणशे वर्षं उलटली.

आता हिशेब करू. समजा रोजी ४८० रुपये, आठ तासांची. तासाला ६० पडले, जादा तासाला १२०. बारा तास थांबलं की वरच्या चार तासांचे ४८०. म्हणजे बारा तासांचा दिवस ही पुऱ्या दोन दिवसांची रोजी आहे. आमच्याकडे त्याचे एका रोजीवर पन्नास रुपये 'नाश्त्याचे' मिळायचे, आणि बाजाराच्या दिवशी हप्त्याची (आठवड्याची) मजुरी घेताना कोणी तोंड उघडायचं नाही, कारण उचल आधीच घेतलेली असायची.

मालकाची अडचण मी जवळून पाहिली आहे. कापूस एकदम येतो, शेतकऱ्याची गाडी रात्रभर फाटकावर ठेवता येत नाही, ओलीची भीती असते, त्यात लाइन जाते. काम लांबतं, हे मान्य. पण त्या लांबलेल्या कामाची रुई विकली जाते, सरकी विकली जाते. फक्त मजुराचे चार तास तेवढे कुठेच लिहिले जात नाहीत.

बोलीचं थोडक्यात सांगतो. कमी पैशांत काम करीन असं मजुराने कबूल केलं, अगदी अंगठा दिला, तरी कायद्याने मिळणारी रक्कम सोडण्याचा करार रद्दबातल ठरतो. "आमच्याकडे चारच पोरं, आम्हाला कायदा नाही" हेही चालत नाही. किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही.

टिपेचं प्रकरण नवं झालं आहे. हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा या हैदराबाद रस्त्यावरच्या ढाब्यांवर पूर्वी गिऱ्हाईक ताटाखाली वीसची नोट ठेवून जायचं आणि पोरगा ती खिशात टाकायचा. आता ५८० चं बिल झालं की लोक स्कॅन करून ६०० टाकतात आणि "वीस पोराला द्या" म्हणून उठतात. ते वीस मालकाच्या खात्यात जातात. टिपेसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, हे खरं. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेल कंपनीच्या आयकराच्या खटल्यात सांगितलं की टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, ती गिऱ्हाइकाकडून कामगाराला येते. कार्डावरून हॉटेलकडे जमा झाली तरी मालक ती विश्वस्त म्हणून सांभाळतो. प्रश्न कराचा होता, पण पैसे कोणाचे हे त्यात स्पष्ट झालं. म्हणून टिप पगारातून वळती करणंही चूक आणि गल्ल्यात ठेवणंही चूक. संध्याकाळी मोबाइल पाहून वरचे पैसे वहीत लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

राहिलं 'घरच्यासारखं'. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आहे.

आमच्याकडे कापूस साफ करायला बाजूच्या गावातून बाया यायच्या. सातची एसटी शेवटची. साडेसहाला मालक यायचे, "काकू, एवढी गाडी खाली होऊ द्या, मग जाजा." नाही कसं म्हणायचं? काकू म्हणतात, पोळ्याला लुगडं देतात, लेकीच्या लग्नाला येऊन गेले. मग "येष्टी गेली जी मालक" असं हळूच म्हणत त्या नऊला निघायच्या, कुणाच्या तरी ऑटोत, पदरचे तीस रुपये देऊन. लुगडं मनापासून दिलेलं असायचं, यात मला शंका नाही. पण वर्षाचं एक लुगडं आणि हंगामभराचे रोजचे दोन तास यांची बरोबरी कशी लावायची? पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात हेच जरा नीटनेटकं चालतं : साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. त्याला शिस्त म्हणतात.

माझ्या हजेरीबुकात तासांचा रकानाच नव्हता. हजर किंवा गैरहजर, एवढंच. नऊला गेलेल्या बाईचा मी एक दिवस लिहिला आणि पाचला गेलेल्या माणसाचाही एकच. आज कोणी मजुरी कमी मिळाल्याची तक्रार केली तर पूर्ण पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. आमच्यातली एक काकू घरच्या कॅलेंडरवर, एसटी चुकलेल्या प्रत्येक तारखेवर, चुलीतल्या कोळशाने रेघ मारायची. तेव्हा मला वाटायचं, ऑटोचे पैसे मोजते. एका जानेवारीत तिच्या एकोणीस रेघा होत्या.